बँकॉकला मोठ्यानं म्हणायचं राहिलं

सिंगापूर, मलेशिया, थायलंड. तीन देश, आठ दिवस. घरी कुणी आलं आणि सहलीचा विषय निघाला, की आमचे हे मोबाईल काढतात आणि उंच इमारती दाखवायला लागतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते. चहा ठेवायला गेली असं पाहुण्यांना वाटतं. खरं म्हणजे मला ते फोटो बघवत नाहीत. सगळ्या फोटोंत मी हसते आहे.

आम्ही दोघंही निवृत्त. हे पाटबंधारे खात्यात होते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर अमरावतीला, माझं माहेर अकोल्याचं. आम्ही बौद्ध. हे शेवटचं वाक्य आत्ता लिहायला मला काहीच वेळ लागला नाही, पण त्या आठ दिवसांत ते माझ्या तोंडून एकदाही निघालं नाही. पुढे जे सांगायचं आहे ते सगळं त्याचंच आहे.

जायच्या आधी आईला भेटायला अकोल्याला गेले होते. आई माझ्या भावाकडे असते. ऐंशीला आली, गुडघे गेले, डोळ्यांना कमी दिसतं, आवाज मात्र शाबूत आहे. तीस वर्षं ती कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती. मशीनच्या गोंगाटात बोलून बोलून तिचा आवाज जो चढला तो पुन्हा काही उतरला नाही. आम्ही कुठे जाणार, किती दिवस, विमानात खायला देतात का, यातलं तिनं काही विचारलं नाही. म्हणाली, "थो झोपलेला मोठा बुद्ध हाय ना तिकडं, टीव्हीवर दाखवतात थो, त्याच्यापाशी जाशीन का?"

"जाईन ना आई. बँकॉकला आहे तो. दाखवतात."

"मंग त्याच्यापुढं बसून त्रिसरन-पंचशील म्हनजो. अन् मोठ्यानं म्हनजो. मनातल्या मनात नोको."

मी हसले. तर ती चिडली. "हासतं काय व? मनातल्या मनात तं आमच्या आज्यानं देवळाच्या भायेर उभं राहून लय म्हटलं. कोनाले आयकू आलं?"

छप्पन साली ती बापाचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेली होती. हे तिनं आम्हा भावंडांना इतक्या वेळा सांगितलंय की आम्हाला ते पाठ आहे. लहान होती, गर्दीत तिला काहीच दिसलं नाही, समोर फक्त बायांची लुगडी. पण सगळे म्हणत होते ते ऐकू आलं, अर्थ कळला नाही तरी तिनं मागून म्हटलं, आणि बाप खाली वाकून म्हणाला, अजून मोठ्यानं. ती म्हणते, त्या दिवसापर्यंत तिला घरात-दारात सगळे हळू बोल, हळू बोल असंच सांगत आले होते.

तर तिचं मागणं एवढंच होतं. पापड-लोणचं नको, घड्याळ नको, सिंगापूरची साडी नको. मी शब्द दिला. तो देताना फारसा विचार केला नाही, कारण त्यात अवघड काही असेल असं मला वाटलं नव्हतं. बुद्धासमोर बौद्ध बाईनं वंदना म्हणायची, त्यात काय?

आमच्या ओळखीतले बरेच लोक थायलंडला आपल्या माणसांच्या सहलीतून जातात. कॉलनीतले एक गृहस्थ दरवर्षी अशी सहल नेतात. पहाटे वंदना, दिवसा विहार, रात्री कुणाचं तरी व्याख्यान. त्यांनी दोनदा विचारलं. ह्यांनी दोनदा टाळलं. मला म्हणाले, "तिथं जाऊन बी भाषनंच आयकाची का? आपन फिराले चाललो, शिबिराले नाई." मलाही ते पटलं होतं, हे कबूल करते. मग अकोल्याच्या एका सहलवाल्याकडे नाव नोंदवलं. सोबत स्वयंपाकी महाराज, रोज वरण-भात-भाजी-पोळी, मराठी बोलणारी माणसं. फॉर्मवर जेवणाचा रकाना होता. ह्यांनी 'शाकाहारी'वर खूण केली. आमच्या घरी बुधवार आणि रविवार मटण शिजतं.

"हे काय केलं?" मी विचारलं.

"आठ दिवस नाई खाल्लं तं मरून नाई जात कोनी," हे म्हणाले. "साऱ्यांसंगं जेवाचं हाय."

बॅग भरताना मी तळाशी पांढरी साडी ठेवली. वंदनेला आम्ही पांढरं नेसतो. ह्यांनी पाहिलं आणि विचारलं, तिथं कुणाच्या मयतीला जायचं आहे का. गंमत म्हणून बोलले असतील, पण मला ते झोंबलं. साडी मी काढली नाही. नेली आणि तशीच घडी न मोडता परत आणली.

ह्यांच्याबद्दल एकतर्फी लिहू नये म्हणून चांदूर बाजारचं सांगते. लग्नानंतरची आमची पहिली बदली तिथली. एका बऱ्या घरात वरची खोली भाड्यानं मिळाली होती. आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे, त्यावरून कुणाला काही कळत नाही. घरमालकीण मला रोज कढीपत्ता द्यायची, माझ्या हातची चटणी नेऊन खायची. मग ह्यांच्या कचेरीतल्या कुणीतरी तिच्या नवऱ्याच्या कानावर घातलं. चौथ्या दिवशी मालक जिना चढून आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, पोरीचं लग्न काढलं आहे, खोली लागते. पोरगी पाचवीत होती. आम्ही सामान बांधलं. खाली उतरताना मालकीण अंगण झाडत होती, तिनं मान वर केली नाही. त्या दिवसापासून ह्यांनी एक गोष्ट शिकून घेतली: आपण होऊन सांगायचं नाही, कुणी गैरसमज करून घेतला तर करू द्यायचा. नोकरीभर त्यांनी ते पाळलं. मी समजून घेतलं. पण ते सगळं होऊन तीस-पस्तीस वर्षं झाली. आता आमचं स्वतःचं दुमजली घर आहे, कुणी खोली खाली कर म्हणायला येणार नाही. तरी ह्यांची मान अजून त्याच जिन्यावर वाकलेली.

सिंगापूरला विमानतळावरून हॉटेलकडे जाताना बसमध्ये सहलवाल्या भाऊंनी माईक फिरवला. प्रत्येकानं नाव, गाव, काय करता ते सांगायचं. अमरावती-अकोल्याचीच बहुतेक जोडपी, निवृत्त, गुडघ्याला पट्टा बांधलेली. आमच्या पुढच्या सीटवर अकोल्याचं एक जोडपं होतं. त्यांचा फुलांचा ठोक व्यापार. बाई ठसठशीत, हसरी, बोलायला मोकळी. तिनं मागे वळून ह्यांना विचारलं, "भाऊ, तुमचं गाव कोन्तं म्हनलं?"

"नांदगाव खंडेश्वरकडचे आम्ही. शेतीवाडी आहे तिकडे," हे म्हणाले. चारचौघांत हे पुण्याची मराठी बोलतात.

"मंग तुमी तिकडच्या पाटलापैकीच असान."

हे नुसते हसले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. हसण्याची ही तऱ्हा मला पाठ आहे. बाईनं ते हो म्हणून घेतलं आणि माझ्याकडे वळून माझा हात दाबला. "म्हंजे आपल्यातल्याच की ताई तुमी!"

त्या वेळी मी बोलू शकले असते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते सुरुवातीलाच झालं असतं तर पुढचं काही झालंच नसतं. मी खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाले, किती स्वच्छ रस्ते आहेत नाही.

ती बाई वाईट असती तर मला फार सोपं गेलं असतं. ती वाईट नव्हती. तिनं माझ्या पायाला तेल लावून दिलं, स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली, उडत्या पाळण्यात मी घाबरले तर माझं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. जिथे फुलं दिसतील तिथे ती थांबायची, हार हातात घेऊन तोलायची, दोरा ओढून बघायची आणि आपल्या नवऱ्याला सांगायची की यांची गाठ आपल्यापेक्षा बरी आहे. तिच्याजवळ पितळेचा एवढासा बाळकृष्ण होता. हॉटेल बदललं की टीव्हीच्या टेबलावर तो बसायचा, आंघोळ व्हायची, खडीसाखरेचा नैवेद्य. मला हाक मारायची, "ताई, या, परसाद घ्या." मी जायची. प्रसाद घ्यायची. मला ती आवडायला लागली होती, आणि ती जिला 'ताई' म्हणते ती बाई मी नाहीच, हे मला दर वेळी कळायचं.

आई रोज सकाळी फोन करायची. "झालं का?"

"अजून बँकॉक यायचं आहे आई."

"बरं. इसरू नोको."

क्वालालंपूरला डोंगरातल्या गुहेत मुरुगनाचं देऊळ आहे. बाहेर सोनेरी रंगाची उंचच उंच मूर्ती, मग रंगीत पायऱ्यांची दमछाक करणारी चढण. वर पोचल्यावर सहलवाल्या भाऊंनी सांगितलं की मुरुगन म्हणजे कार्तिकेय, म्हणजे आपल्या गणपतीचा भाऊ, तेव्हा एक गणपतीची आरती होऊन जाऊ द्या. लोक लगेच गोळा झाले. फुलवाली बाई मला म्हणाली, "ताई, तुमी सुरू करा. मास्तरीनबाईचा आवाज गोड रायते."

शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणेशोत्सवात पोरांकडून आरती म्हणवून घेतलीय मी. नोकरीचा भाग होता, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. सगळी येते. मी सुरू केली. गुहा असल्यामुळे आवाज वर जाऊन घुमत होता. हे टाळ्या वाजवत होते, डोळे मिटून. आरती संपल्यावर लोकांनी माझं कौतुक केलं. एका तमिळ म्हाताऱ्यानं हात जोडले. उतरताना पायऱ्यांवर माकडं होती, त्यांना चुकवत सगळे हसत खाली येत होते, आणि माझ्या मनात एकच होतं: पाहा, मोठ्यानं म्हणायला तुला येतं. घसा बसलेला नाही.

त्या दुपारी मी ह्यांना सांगितलं, "बँकॉकला मी वंदना म्हणणार. आईला शब्द दिलाय."

"म्हन ना. मी कुठं नाई म्हनलं? हात जोड, मनातल्या मनात म्हन."

"मोठ्यानं म्हणायचं आहे."

हे बूट काढत होते, थांबले. "आता पाच दिवस झाले साऱ्यांसंगं. आता सांगशीन तं ते म्हनतीन, एवढे दिवस कावून लपवलं? तीन दिवस राह्यले. कावून वातावरन खराब करतं?"

मला राग आला तो यामुळे की त्यात तथ्य होतं. पहिल्या दिवशी बोलले असते तर ती नुसती ओळख झाली असती. आता तो कबुलीजबाब झाला असता.

बँकॉकला स्थानिक गाइड होती, पन्नाशीची, मोठी टोपी घातलेली, इंग्रजी तोडकं पण समजेल असं. बसमध्ये ती सांगत होती की आमच्या देशात जवळपास सगळे बौद्ध आहेत. सहलवाल्या भाऊंनी त्याचं मराठी केलं. तेव्हा पुढच्या सीटवरून फुलवाली बाई उद्गारली, "अव बाई! म्हंजे इथं सारे थेच हायेत! पन किती साफसूफ ठेवलं नाई सारं?"

बस हसली. फार नाही, चारपाच जणं. तिनं वळून माझ्याकडेही पाहिलं, हसायला सोबत पाहिजे म्हणून. हे गुडघ्यावरची टोपी नीट करत होते. मी काय केलं? तिच्या हसण्याला जेवढं लागतं तेवढे ओठ हलवले. माझ्या आयुष्यातली ही अशी जागा आहे की तिची आठवण आली की मी एकटी असले तरी मान खाली जाते.

देवळाच्या दारात कमळाच्या कळ्या विकायला होत्या. बाईनं धंदेवाईक हातानं पन्नास कळ्या उलथ्यापालथ्या करून दोन निवडल्या, एक माझ्या हातात दिली. "हे घ्या ताई, ताजी हाय." आत गेलो. पहुडलेला बुद्ध फोटोत दिसतो तसा दिसत नाही. फोटोत तो पूर्ण दिसतो. प्रत्यक्षात तो एका नजरेत मावतच नाही; चालत राहावं लागतं, खांबांच्या फटींतून खांदा दिसतो, मग हात, मग सोन्याची लांबच लांब बाजू, आणि शेवटी पावलं, त्यांच्यावर शिंपल्यांचं नक्षीकाम. मागच्या भिंतीपाशी लोक पितळी वाडग्यांत एकेक नाणं टाकत चालले होते, त्याचा सतत किणकिणाट. मला रडू येत होतं. आई इथे असायला हवी होती, असं वाटलं. मग लगेच वाटलं, नाही, बरं झालं नाही आली.

तिथे गर्दी फार, बसायला जागा नाही. गाइड आम्हाला शेजारच्या दालनात घेऊन गेली. तिथे बसलेल्या बुद्धाची मूर्ती होती, खाली लाल गालिचा, एका बाजूला एक म्हातारे भन्ते चटईवर बसलेले. लोक पुढे जाऊन वंदना करत होते, भन्ते पाणी शिंपडत होते आणि मनगटाला बांधायला पांढरा दोरा देत होते. बायांना ते हात लावत नाहीत, दोरा तळव्यावर सोडतात. सगळं शांत, कुणाला घाई नाही. आई म्हणाली होती ती जागा हीच, हे मला बघताक्षणी कळलं.

गाइड आमच्याकडे वळली. म्हणाली, इतरांनी मागे बसा, फोटो काढा, चालेल. पण तुमच्यापैकी कुणी बौद्ध असेल तर पुढे चला, भन्तेंसमोर बसून तुमची वंदना म्हणा, त्यांना आनंद होईल. आणि तिनं स्वतःचा हात वर करून दाखवला, जणू आम्हाला तोही कसा करायचा ते माहीत नसावं. "बुद्धिस्ट? एनी बुद्धिस्ट?"

आम्ही बावीस जणं होतो. सगळे एकमेकांकडे बघून हसले.

फुलवाली बाई म्हणाली, "आमच्यात कोनी नाई बाप्पा."

आणि ह्यांनी, कुणीही त्यांना विचारलं नसताना, पुढे होऊन स्पष्ट आवाजात सांगितलं, "नो, नो. ऑल हिंदू, मॅडम. ऑल हिंदू."

गाइडनं मान डोलावली, हात खाली घेतला. भन्तेंनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या माणसाकडे वळले. सगळं मिळून दहा सेकंदंही झाली नसतील. माझ्या एका हातात कमळ होतं. दुसरा मोकळा होता.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. फुलवाल्या बाईनं पदर डोक्यावर घेतला आणि सरळ पुढे गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला त्याची गरजही वाटली नाही. कमळाच्या पाकळ्या बोटांनी एकेक करून आत दुमडल्या, फूल मूर्तीपुढे ठेवलं, गुडघे टेकून नमस्कार केला, भन्तेंपुढे तळहात धरला आणि दोरा घेऊन आली. "विष्णूचाच अवतार ना थो," ती मला म्हणाली. "देव तं देवच. जा ताई तुमी बी." तिला भीती कशाची असणार? तिला लपवायचं काहीच नव्हतं. माझ्या बुद्धापुढे ती माझ्याआधी बसून आली, आणि मला जायला परवानगीही तिनंच दिली.

मी गेले. फूल ठेवलं. हात जोडले. भन्तेंनी दोरा सोडला तो तळव्यावर पडला. तोंड उघडलं असतं तर मागे बसलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं असतं, पालीतले ते शब्द त्यांनी आपापल्या गावात लाउडस्पीकरवर शंभरदा ऐकलेले, लगेच ओळखले असते. मी ओठ मिटून मनातल्या मनात म्हणायला लागले आणि तेही पूर्ण झालं नाही, कारण सहलवाल्या भाऊंनी टाळ्या वाजवून सांगितलं, चला, बस लागली.

बाहेर चपला घालताना मी ह्यांना म्हणाले, "तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी तं बोललो. पन तुया हात कोनी धरला होता? तू बी तं वर नाई केला."

पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पुष्कळ खोटं ऐकवलं असेल, हे वाक्य शंभर टक्के खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या हॉलमध्ये आईचा फोन आला. समोर फुलवाली बाई पोह्यांवर शेव घालत होती. आईचा आवाज फोनमधून बाहेर ऐकू जातो, म्हणून मी उठून काचेच्या दाराबाहेर गेले.

"झालं का?"

"हो आई."

"मोठ्यानं म्हटलं?"

"हो."

"साऱ्यांनी आयकलं?"

"हो आई. सगळ्यांनी ऐकलं."

ती म्हणाली, "माया बाप पाह्यजे होता व आज." आणि फोन ठेवला.

विमानतळावर निरोप घेताना फुलवाली बाई माझ्या गळ्यात पडून रडली. नंबर दिले-घेतले. ती अजूनही रोज सकाळी मोबाईलवर फुलांचं चित्र पाठवते, त्यावर 'ताई, शुभ सकाळ'. मी उलट हात जोडल्याची खूण पाठवते. तिला खरं सांगायचं मी रोज ठरवते. सांगत नाही.

पण आई गप्प बसणारी नव्हती. मी परत येईपर्यंत तिनं अख्ख्या वस्तीला सांगून टाकलं होतं. शेजारणींना, दूधवाल्याला, भावाच्या सासरच्यांना. पौर्णिमेला त्यांच्या विहारात वंदना असते, त्या दिवशी आम्ही दोघांनी यायलाच पाहिजे असा तिचा निरोप आला. मी काहीतरी कारण काढणार होते. हे म्हणाले, "चाल ना. म्हातारीले बरं वाटीन." इस्त्रीचा पांढरा शर्ट त्यांनी स्वतःच काढून ठेवला.

अकोल्याला विहार भरला होता. आम्हाला पुढे बसवलं, फुलं दिली, माझ्या खांद्यावर शाल घातली. ह्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. आपल्या माणसांत बोलायला ह्यांना कधीच अडचण नसते. म्हणाले, त्या भूमीवर पाऊल ठेवताच ऊर भरून आला, आपण कोण आहोत हे तिथे गेल्यावर कळतं, मान ताठ होते. बऱ्याच टाळ्या पडल्या. मी खालच्या फरशीकडे बघत होते. खोटं बोलताहेत असंही मला म्हणता येईना. ह्यांचा ऊर खरंच भरून आला असेल. मग विहाराच्या अध्यक्षीणबाई उठल्या आणि म्हणाल्या, "आज वंदना आपल्या ताई सांगतीन. खुद्द बुद्धाच्या पायापाशी मोठ्यानं म्हनून आल्या थ्या."

आमच्यात एकानं सांगायचं आणि बाकीच्यांनी मागून म्हणायचं अशी रीत आहे. मी उठले. मूर्तीपुढे बसले. आई पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर होती, तिला खाली बसता येत नाही. त्रिसरण झालं. माझा आवाज चांगला लागला होता, सगळा विहार मागून म्हणत होता. मग शीलं सुरू झाली. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं.

चौथं शील खोटं न बोलण्याचं आहे.

लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेले ते शब्द माझ्या तोंडातून बाहेर येईनात. मी विसरले नव्हते. एकेक अक्षर समोर होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. विहार थांबला. मागे कुणीतरी खाकरलं, एक लेकरू रडायला लागलं, त्याला आईनं गप्प केलं. माझ्या आईला वाटलं, पोरगी विसरली. असं होतं कधीकधी, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे दाखवावं म्हणून तिनं खुर्चीवरूनच चौथं शील सांगितलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

तिच्या मागून मी ते म्हटलं. माझ्या मागून सगळ्यांनी म्हटलं. त्यात सगळ्यांत मोठा आवाज आमच्या ह्यांचा होता.